बर्फाखालचा दगड

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला सांगितलं होतं की पंधरा मिनिटं बोलायचं आणि आठवणी सांगायच्या. पण मघापासून आठवणी सांगणाऱ्यांनी मधल्या सुट्टीतली चिंचा-बोरं, गोदाघाटावरच्या उड्या, कुंभमेळ्याची सुट्टी, सगळं सांगून टाकलं. माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलं नाही. तेव्हा मी माझ्या धंद्यातलं सांगतो. त्यात शाळा येईल, ती शेवटाकडे येईल. तोवर कुणी चहाला उठू नये ही विनंती.

माझा धंदा म्हणजे जमिनीला धक्का द्यायचा आणि ती काय उत्तर देते ते ऐकायचं. छापील भाषेत याला भूकंपीय सर्वेक्षण म्हणतात. आमच्या आईला मी नोकरी लागल्यावर हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या अण्णांचंच काम की. फक्त पगारी." तिचं म्हणणं बरोबर होतं.

माझे वडील, अण्णा, विहिरी खोदायचे. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पार दिंडोरीपर्यंत त्यांनी खोदलेल्या विहिरी आहेत. वरची माती आणि मुरूम टिकाव-फावड्यानं निघायचा. खाली काळा पाषाण लागला की पहारीनं भोकं पाडायची, सुरुंग भरायचे, वात पेटवायची आणि वर पळायचं. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर असायचो. मला एकच काम होतं. लांब बांधावर बसायचं आणि बार मोजायचे. सात लावले असतील तर सात वाजले पाहिजेत. सहाच वाजले, तर त्या दिवशी विहिरीत कुणी उतरायचं नाही. कारण सातवा खाली जिवंत असतो.

अण्णांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. त्यांच्या तरुणपणी एकदा मोजणाऱ्या माणसाचं लक्ष नव्हतं. त्यानं विचारल्यावर "सात" सांगून टाकलं. वाजले होते सहा. त्या माणसाबद्दल अण्णा कधी वाईट बोलले नाहीत. मला मात्र बांधावर बसवताना दर वेळी सांगायचे, "ऐकलं तेवढंच सांग. नाही ऐकलं तर नाही ऐकलं म्हण."

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून शिकलो. सुतकी मारल्यावर दगडाचा आवाज ते ऐकायचे. खणखणीत आवाज आला की सलग काळा पाषाण, म्हणजे पाणी नाही. भदभदा आला की खाली मांजऱ्या खडक किंवा गेरूचा तांबडा थर, म्हणजे आशा आहे. १९७२च्या दुष्काळात अकरा वर्षांच्या मला त्यातला फरक कळायला लागला होता. पुढे भूभौतिकशास्त्राच्या वर्गात प्राध्यापक फळ्यावर समीकरणं लिहायचे, तेव्हा मला सुतकीचा आवाज ऐकू यायचा.

आता तत्त्व सांगतो. ते सोपं आहे. विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारली की हाक परत येते. किती वेळानं आली ते मोजलं आणि आवाजाचा हवेतला वेग माहीत असला, की पाणी किती खोल आहे ते सांगता येतं. जमिनीतही तसंच. वर एक छोटा स्फोट करायचा. लहर खाली जाते. एका थरातून दुसऱ्या थरात शिरताना तिचा काही भाग परत फिरतो. वर जिओफोन नावाची यंत्रं मांडलेली असतात. पेरूएवढा डबा, खाली रोवायला खिळा, आत चुंबक आणि तारेचं वेटोळं. जमीन केसभर हलली तरी त्यातून वीज निघते आणि कागदावर नागमोडी रेघ उठते. त्या रेघेवरून खालचे थर वाचायचे.

आपल्या महाराष्ट्रात हे काम फार अवघड आहे. कारण आपण सगळे एका झाकणावर बसलेलो आहोत. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे पूर आले, एकावर एक थर साचले आणि दख्खनचं पठार झालं. काळारामाच्या देवळाचा दगड तोच, पांडवलेणी ज्यात कोरली तोही तोच, आणि रामकुंडाच्या खालचाही तोच. त्याच्याखाली काय आहे? आधीची नदी, आधीचा समुद्र, आधीचे डोंगर, सगळं झाकलं गेलं. वरचा बेसाल्ट कठीण आणि त्यातून लहर वेगानं जाते. खाली मऊ गाळाचा थर असला तर त्यात ती मंदावते. जमिनीवर सर्वांत आधी पोहोचणाऱ्या लहरींवरून थर ओळखण्याची जी जुनी रीत आहे, तिला असा वेगवान थराखाली दडलेला मंद थर दिसतच नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत, खानदेशापासून सौराष्ट्रापर्यंत, मी याच झाकणाशी झगडलो.

हे झाकण किती महत्त्वाचं आहे ते आपल्याला दोन भूकंपांनी शिकवलं. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ, कोयना. मी सहा वर्षांचा होतो. आमच्या घरात फळीवरची भांडी किणकिणली आणि आईनं मला उचलून अंगणात आणलं, एवढं आठवतं. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनं सत्तरच्या दशकात कोयना भागात खोल भूकंपीय सर्वेक्षण केलं आणि तिथलं भूकवच ३५ ते ४० किलोमीटर जाड आहे असं दाखवलं. मग ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट. हजारो माणसं झोपेतच गेली. त्यानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. वरचा बेसाल्ट ३३८ मीटर निघाला, त्याखाली फक्त ८ मीटर गाळ, आणि मग मूळचा जुना खडक. कोयनेजवळ रासाटीला बेसाल्ट सुमारे ९३० मीटर निघाला आणि त्याखाली गाळ नाहीच, एकदम ग्रॅनाइट-नाइस. म्हणजे झाकण एकच, पण प्रत्येक ठिकाणी त्याखाली निराळं काही. वरून पाहून सांगता येत नाही. आपल्या दिंडोरी रस्त्यावर 'मेरी' आहे. शाळेत जाताना तिच्या भिंतीवरून आपण कैऱ्या पाडायचो, पण आत धरणांचा आणि भूकंपांचा अभ्यास चालतो हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

आता दुसऱ्या झाकणाकडे येतो, म्हणजे बर्फाकडे.

अंटार्क्टिका म्हणजे सुमारे १.४ कोटी चौरस किलोमीटरचा प्रदेश. आपल्या देशाच्या चौपटीहून मोठा. जवळजवळ सगळा बर्फाखाली. बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास, काही ठिकाणी साडेचार किलोमीटरहून जास्त. तो सगळा वितळला तर जगभरचा समुद्र ५८ मीटरच्या आसपास वर येईल. खाली जमीन आहे की पाणी, डोंगर आहेत की दऱ्या, हे शंभर वर्षांपूर्वी कुणालाच माहीत नव्हतं.

ते कळलं ते सुरुंगामुळे. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर, खंड सरकतात असं ज्यांनी सांगितलं ते, त्यांच्या १९३०-३१च्या ग्रीनलंड मोहिमेत बर्फावर स्फोट करून जाडी मोजली गेली. वेगेनर त्याच मोहिमेत वारले. नंतर १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात अनेक देशांनी अंटार्क्टिकावर ट्रॅक्टर चालवत ठिकठिकाणी स्फोट केले. चार्ल्स बेंटली नावाचे तरुण अमेरिकी शास्त्रज्ञ पश्चिम अंटार्क्टिकावर फिरत होते. त्यांना आढळलं की तिथे बर्फाखालची जमीन समुद्रसपाटीच्याही खूप खाली आहे. ज्याला सगळे भूखंड समजत होते, तिथला बर्फ नसता तर मोठ्या भागात समुद्र असता. त्याच सुमारास, १९५८ साली, सोव्हिएत तुकडीला पूर्वेकडच्या सपाट पांढऱ्या पठाराखाली चक्क पर्वतरांग सापडली. आल्प्सच्या तोडीची, आणि तिचं एकही शिखर बर्फाबाहेर नाही. तिला गाम्बुर्त्सेव्ह पर्वत म्हणतात. गाम्बुर्त्सेव्ह हे भूकंपीय सर्वेक्षणाचे मोठे रशियन अभ्यासक. आमच्या धंद्यातल्या माणसाचं नाव एका पर्वतरांगेला आहे हे मी संधी मिळेल तिथे सांगतो.

आणि व्होस्टोक. या सोव्हिएत केंद्राजवळ आंद्रेई कापित्सा यांनी १९५९ आणि १९६४ साली भूकंपीय नोंदी घेतल्या होत्या. पुढे उपग्रहांची आणि रडारची माहिती आली, आणि १९९६ साली जगाला कळलं की तिथे सुमारे चार किलोमीटर बर्फाखाली अडीचशे किलोमीटर लांबीचं पाण्याचं सरोवर आहे. त्याचा पुरावा कापित्सांच्या जुन्या कागदांतही होता.

आपला देशही मागे नव्हता. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखालची पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१मध्ये गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ला तिथे उतरली. १९८३च्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरच्या डॉ. अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी गेल्या. आज समोर बसलेल्या मुलींनी ही दोन नावं लिहून घ्यावीत. आपल्या पहिल्या केंद्राचं नाव दक्षिण गंगोत्री. पंचवटीत आपण गोदावरीलाच गंगा म्हणतो, 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतो, म्हणून मला उगीचच वाटायचं की हे नाव आपल्यावरूनच ठेवलंय. ते केंद्र पुढे बर्फात गाडलं गेलं. मग १९८९पासून मैत्री आणि २०१२पासून भारती. या सगळ्याचा कारभार गोव्यात वास्कोहून चालतो.

मी मात्र भारतीय मोहिमेतून गेलो नाही. नव्वदच्या दशकात एका परदेशी विद्यापीठाच्या छोट्या गटाला जिओफोन आणि केबल सांभाळणारा अनुभवी माणूस हवा होता. बेसाल्टवर काम केलेला माणूस म्हणून त्यांनी मला घेतलं. कारण दुखणं सारखंच होतं. बर्फातून लहर सेकंदाला सुमारे ३.८ किलोमीटर वेगानं जाते, त्याखाली ओला गाळ असेल तर त्यात ती निम्म्याहून मंद होते. तेच वेगवान झाकण, तोच दडलेला थर.

कुणी विचारेल, आता रडार आहे, विमानातून बर्फाची जाडी मोजता येते, मग स्फोट कशाला? रडारच्या लहरी बर्फातून छान जातात, पण तळाशी पाणी किंवा ओला चिखल लागला की तिथेच थांबतात. त्याच्या खाली काय ते सांगत नाहीत. पाण्याची खोली, गाळाची जाडी, त्याखालचा खडक, हे सगळं अजूनही आमच्या धक्क्यालाच विचारावं लागतं.

आम्ही क्राइस्टचर्चहून गेलो. पठारावर सात माणसांची छावणी होती. उन्हाळा होता, म्हणजे उणे ३०-३५ अंश आणि चोवीस तास ऊन. कामाची पद्धत अशी. गरम पाण्याच्या धारेनं वीस-पंचवीस मीटर खोल भोक पाडायचं. वरचा बर्फ कापसासारखा भुसभुशीत असतो, तो स्फोटाची ताकद गिळून टाकतो, म्हणून खोल जायचं. सुरुंग खाली सोडायचा आणि वर भोक बुजू द्यायचं. मग सगळीकडे शांतता. जनित्र बंद. कुणी पाऊल उचलायचं नाही. स्वयंपाक करणाऱ्यानं पळीसुद्धा हलवायची नाही. मग बार. पायाला एक ठोसा बसतो. आणि दीड सेकंदानं तळावरून पडसाद. ३.८ गुणिले दीड, भागिले दोन. २,८५० मीटर. गोदेत डुबकी मारून डोकं वर काढायच्या आत लहर जवळजवळ तीन किलोमीटर खाली जाऊन तीन किलोमीटर वर आलेली असते.

आता एक बारकावा सांगतो, कारण माझी गोष्ट त्यावर उभी आहे. पडसाद कधी आला एवढंच महत्त्वाचं नाही, तो सुलटा आला की उलटा तेही महत्त्वाचं. दोरीचं एक टोक भिंतीला घट्ट बांधून झटका दिला तर परत येणारा झटका उलटा येतो. टोक मोकळं असेल तर सुलटा येतो. बर्फाच्या तळाशीही असंच असतं. खाली कठीण खडक असेल तर परतलेल्या लहरीचा पहिला झटका एका बाजूला, पाणी असेल तर दुसऱ्या बाजूला. ओला मऊ गाळ असेल तर पडसाद अगदी क्षीण. १९८६ साली अशाच अभ्यासातून पश्चिम अंटार्क्टिकातल्या एका वेगवान हिमप्रवाहाखाली काही मीटर जाडीचा ओला गाळ सापडला. त्यावरून कळलं की तो अजस्र बर्फ चिखलावर घसरतोय. रेघ कागदावर वर गेली की खाली, एवढ्यावरून हे ठरतं.

आमच्या छावणीत पहिल्या रेषेवर अकरा बार झाले आणि पडसाद पाण्याचा आला. एकापाठोपाठ एक, स्वच्छ, जोरकस. तळाशी सरोवर! आमचे प्रमुख साठीचे, मितभाषी गृहस्थ. ते तंबूत आले आणि सगळ्यांशी हात मिळवले. रेडिओवरून मुख्य तळाला बातमी गेली. त्या रात्री डबाबंद पीच फोडले.

दुसऱ्या रात्री मला झोप येईना. बाहेर ऊन होतं. मी कागद घेऊन बसलो. जवळच्या जिओफोनवर स्फोटाची पहिली लहर इतकी जोरात येते की रेघ कागदाबाहेर जाते, ती कुठल्या बाजूला गेली ते कळत नाही. मी शेवटच्या, लांबच्या जिओफोनच्या रेघा पाहिल्या. तिथे पहिला झटका बारीक आणि स्पष्ट होता. आणि तो चुकीच्या बाजूला होता.

मित्रहो, सुरुंग फुटला की जमीन आधी बाहेर ढकलली जाते. कधीही आत ओढली जात नाही. अण्णांच्या विहिरीवरही नाही आणि अंटार्क्टिकावरही नाही. माझ्या कागदावर ती आत ओढली जात होती. म्हणजे जमीन बरोबर होती, तारा उलट्या होत्या.

त्या तारा मी जोडल्या होत्या. थंडीनं मुख्य केबलचं टोक तडकलं होतं, मी नवं टोक झाळलं, आणि दोन तारांची अदलाबदल केली. सगळे चोवीस जिओफोन एकदम उलटे झाले. म्हणजे पाणी नव्हतं. खडक होता.

चूक होते. पण ती पकडायची एक चाचणी असते. प्रत्येक जिओफोनवर बोटानं हळूच टिचकी मारायची आणि सुई कुठल्या बाजूला हलते ते पाहायचं. त्यासाठी हातमोजा काढावा लागतो. चोवीस वेळा. उणे ३५ अंशात. मी ती केली नव्हती. आणि नोंदवहीत त्या रकान्यात मी 'झाली' अशी खूण करून सही केली होती.

आता इथे शाळा येते.

नववीत असताना आपल्याला भिंगाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग होता. वरच्या वर्गातल्या मुलांच्या वह्या आपल्या हातात असायच्या आणि त्यात उत्तर होतं २० सेंटिमीटर. दर वर्षी २०. मला मात्र मोजल्यावर १५ आलं. मी परत मोजलं, परत १५. शेजारच्या बाकावर २०, मागच्या बाकावर २०. मी रबरानं १५ खोडलं आणि २० लिहिलं. सर फिरत आले, वही उजेडाकडे तिरकी धरली, खोडलेलं दिसलं. त्या वर्षी नवी भिंगं आली होती, १५ची. सगळ्या वर्गाचं उत्तर चुकीचं होतं, पण सर माझ्यावर जास्त रागावले. म्हणाले, "यांनी पाहिलंच नाही. तू पाहिलंस आणि खोडलंस." मारलं नाही. पान फाडू दिलं नाही. त्याच पानावर, खोडलेल्याच्या शेजारी, शाईनं लिहायला लावलं, '१५ आले होते', आणि खाली सही.

त्या तंबूत मला ते पान दिसलं. आणि बांधावर बसून "सात" म्हणणारा तो अनोळखी माणूसही दिसला.

खोटं बोलायला वाव होता, हे तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो. दुसऱ्या दिवशी गुपचूप तारा बदलायच्या. पुढच्या बारांना खडक दिसला असता. 'सरोवर इथे संपलं' असं सगळे म्हणाले असते. परदेशी नोकरी, हंगामी करार, घरी दोन लहान मुलं. मी तासभर तिथे बसून हाच हिशेब केला. तो तास मी विसरलेलो नाही.

मग उठलो आणि प्रमुखांच्या तंबूत गेलो. त्यांना उठवलं. कागद दाखवला आणि नोंदवहीही. त्यांनी आधी कागद पाहिला, मग त्या खुणेकडे बराच वेळ पाहत राहिले. रागाचा एक शब्द बोलले नाहीत, ते मला जास्त लागलं. म्हणाले, "किती बार?" मी म्हणालो, अकरा. "अकराही तसेच?" हो. "मग फुकट काही गेलं नाही. प्रत्येक आकड्यापुढे वजा चिन्ह द्या. आणि ही खूण खोडू नका. शेजारी खरं लिहा."

मी चाळीस वर्षं पंचवटीपासून लांब आहे, पण त्या क्षणी मला वाटलं, सर इथे कसे आले?

सकाळी त्यांनी स्वतः रेडिओवरून बातमी मागे घेतली. 'आमच्या गटाची चूक' म्हणाले, माझं नाव घेतलं नाही. मग आम्ही दोघांनी मिळून चोवीस जिओफोनना टिचक्या मारल्या. तो सुई पाहायचा, मी बोट लावायचो, मग अदलाबदल. चार तास लागले. माझ्या उजव्या तर्जनीचं टोक अजूनही थंडीत पांढरं पडतं.

सरोवर नव्हतं. त्या रेषेखाली कठीण खडक होता. पुढच्या रेषेवर एके ठिकाणी पडसाद क्षीण झाला, तिथे बहुधा ओला गाळ होता. बातमी होण्यासारखं काही नाही. पण कुठे खडक आहे आणि कुठे चिखल, याच्या अशाच साध्या नोंदींवरून बर्फ किती वेगानं समुद्राकडे जाईल याची गणितं मांडतात. आज पश्चिम अंटार्क्टिकात थ्वेट्स नावाच्या हिमनदीवर अनेक देशांची माणसं हेच काम करतात. ती एकटी पूर्ण गेली तर समुद्र सुमारे ६५ सेंटिमीटर वर येईल. आपण पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीवर मोजतो. कमरेला लागलं, छातीला लागलं. ६५ सेंटिमीटर म्हणजे उभ्या माणसाच्या गुडघ्याच्या वर. मुंबईत आणि कोकणात आपल्यातल्या किती जणांची मुलं राहतात, ते हात वर करायला सांगत नाही. एक तार उलटी जोडली तर चिखलाचा खडक होतो आणि गणित फिरतं, एवढंच सांगतो.

परत आल्यावर अण्णांना भेटलो. तेव्हा त्यांना ऐकू कमी यायचं, आयुष्यभर बार ऐकलेले कान. त्यांनी विचारलं, "बर्फाखाली काय निघालं?" मी ओरडून म्हणालो, "दगड!" ते म्हणाले, "दगडासाठी एवढ्या लांब गेला? इथं कमी होता?" मग मी त्यांना तारांची गोष्ट सांगितली. त्यांनी आपला डावा हात पाहिला, आणि माझा उजवा हात हातात घेऊन सगळी बोटं मोजली. म्हणाले, "पाच आहेत. जेवायला बस."

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला नंतर सापडलं, आणि ते आपल्याच महाराष्ट्रात. चंद्रपूर जिल्ह्यात इरई इथे एक जुना चुनखडक आहे. त्याच्या पृष्ठभागावर लांब सरळ ओरखडे आहेत आणि वर गोट्यांचा थर. ते ओरखडे हिमनदीचे आहेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपली जमीन दक्षिणेकडे होती, अंटार्क्टिकाला जोडलेली, आणि बर्फाखाली होती. तो बर्फ गेला, वर जंगलं वाढली, त्यांचा कोळसा झाला, तोच आज चंद्रपूरला निघतो. त्या जंगलातल्या ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या पानांचे ठसे तिथल्या दगडात मिळतात. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती उपासमारीनं आणि थंडीनं मेले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड होते. जीव जात असताना त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत हीच पानं होती. म्हणजे मी जे तीन किलोमीटर बर्फाखाली ऐकायला गेलो, तसली बर्फाखालची जमीन आपल्याकडे उघडी पडली आहे. एस.टी.नं जाता येतं. हात लावता येतो.

आता दोन विनंत्या करतो आणि संपवतो.

पहिली शाळेला. मी आज प्रयोगशाळेसाठी बारा जिओफोन आणि एक छोटं नोंदयंत्र आणलं आहे. जुनं आहे, चालू आहे. मैदानावर हातोडा मारून मुलांना खालचा मुरूम किती आणि पाषाण किती हे काढता येईल. तारा मी जोडल्या आहेत, म्हणून वापरण्याआधी टिचकी मारून तपासा.

दुसरी विनंती शिक्षकांना. प्रयोगवहीत उत्तर चुकलं म्हणून गुण कापू नका. खोडलं असेल तर मात्र कापा.

आपले सर आता नाहीत. त्यांची वही तपासायची लाल शाई माझ्या त्या पानावर अजून आहे. पान मी जपलं आहे. त्या वर्षी त्यांनी मला प्रयोगाला दहापैकी चार गुण दिले होते. त्यातले दोन, त्यांनी शेजारी लिहून ठेवलंय, सहीचे.